हालचाल आढळली

पाथर्डी फाट्याला, सहाव्या मजल्यावर,
आमच्या दाराला आता डोळा आहे.
दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, चाळीस टक्के सूट,
वर एक टॉर्च फुकट.
अंबडच्या कंपनीत मी व्हॉल्व्ह मोजत असतो
आणि खिशात फोन थरथरतो:
दारासमोर हालचाल आढळली.

हालचाल म्हणजे बहुतेक वेळा गायधनी काकू.
समोरचं दार, सहाशे तीन. मधे सात फरशा.
मी मोजल्यात. म्हणजे, फोनवर मोजल्यात.

काकू नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
चौतीस वर्षं टपालाची तिकिटं तपासली.
कडेचा एक दात जरी तुटका असला
तरी अख्खी शीट बाद.
हे त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं.
चौथ्यावर कुणीतरी चढलं,
पुढचं राहिलं.

पार्सलं फार यायची त्यांना.
सोमवारी चहाची गाळणी. बुधवारी गाळणी परत.
ऐन मार्चात लोकरी मोजे, सहा जोड,
तेही परत.
मी ते चित्रण बायकोला पाठवलं, हसायला म्हणून.
ती आतल्या खोलीत होती.
तिनं हसरा चेहरा पाठवला.

पगारे म्हणून एक पोरगा यायचा पार्सलं घेऊन,
हेल्मेट न काढता बोलणारा.
परवा गेटवर त्यानं मला थांबवलं:
"सर, सहाशे तीनच्या आजी गावाला गेल्यात का?
ऑर्डरीच येईनात त्यांच्या."
मग स्वतःच म्हणाला,
"त्यांना वस्तू नको असायची ओ.
मागवली की एक बेल, परत केली की दुसरी.
पाणी द्यायच्या. विचारायच्या,
पोरगी चालायला लागली का.
मी दीड मिनिट थांबायचो.
जास्त थांबलं की वर दिसतं."

कंपनीनं त्यांचं खातं बंद केलंय,
हे वॉचमनकडून कळलं.
परतावे प्रमाणाबाहेर.

त्या रात्री मी मागचं सगळं बघत बसलो.
तीस दिवसांचं राहतं, पुढचं हवं तर पैसे भरा.
दूधवाला. पगारे. मांजर. पगारेचं हेल्मेट.
पुन्हा मांजर.
मग रंगपंचमी, संध्याकाळचे पाच बावीस:
काकू आमच्या दारापुढे.
हातात वाटी, वर ताटली झाकलेली.
केस नीट करतात. डोळ्यात बघतात,
दाराच्या.
बोट वर नेतात,
आणि तो निळा उजेड पेटतो तशा
चटकन मागे सरतात,
आतून कुणी खेकसल्यासारख्या.
ओठ हलतात.
आवाज मी बंद ठेवला होता,
बॅटरी वाचते.

पाच बावीसला मी घरातच होतो.
सोफ्यावर, तिवंध्याची रहाड लाइव्ह बघत.
वर्षभर रस्त्याखाली झाकलेला तो हौद,
वरून रिक्षा जातात, कुणाला पत्ता नसतो;
त्या दिवशी उघडतात
आणि माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळतात,
कुणाचा पाय, कुणाचं डोकं, काही कळत नाही.
मी बोटानं बदाम सोडत होतो,
खालून वर जाणारे, लाल.
फोन थरथरला असणार.
सरकवून टाकला असणार मी तो निरोप.

काकूंचं माहेर तिवंध्याचं.
हेही पगारेलाच माहीत होतं.

आज रविवार. बायकोला सांगितलं नाही.
चप्पल न घालताच बाहेर पडलो,
पाऊल टाकत, मोजत.
फरशा आठ निघाल्या.
एक अगदी आमच्या डोळ्याखाली येते,
ती त्याला दिसत नाही.

बेल दाबली.
खिशात फोन थरथरला.
आत स्लिपर सरपटत आल्या, थांबल्या,
आणि दाराआडून घाईघाईनं:
"पार्सल आहे का?"

माझे दोन्ही हात रिकामे होते.